मोजून ठेवलेले चेहरे

कोठुळे गेल्याची बातमी मला एस.टी.च्या कंडक्टरनं आणून दिली. मिरजगावकडून दुपारी नगरला येणाऱ्या गाडीवरचा हा कंडक्टर आमचाच जुना विद्यार्थी. स्टँडवर गाडी लावून तो तसाच माझ्या खोलीवर आला, खिशातून घडी केलेला वहीचा कागद काढून हातात दिला आणि बस म्हटलं तरी बसला नाही. कागदावर हेडमास्तरांच्या अक्षरात चारच ओळी होत्या. चित्रकलेचे कोठुळे सर आज सकाळी गेले. वस्तुचित्राच्या तासासाठी टेबलावर तांब्या, कांदा आणि फडकं मांडून ते खुर्चीत बसले होते. पोरं वर्गात आली तेव्हा सगळं संपलेलं होतं. मी कागद खाली ठेवला, डोळे मिटले, आणि कोठुळे मला लख्ख दिसले. डोक्यावर पांढरी टोपी, काळ्या जाड काड्यांचा चष्मा, कानावर खोचलेली पेन्सिल. हे मी मुद्दाम इथं आधीच लिहून ठेवतो आहे, कारण पुढं याच चित्रानं माझी चांगली फजिती केली.

ज्ञानदेव कोठुळे मूळचे खर्ड्याकडचे. कर्जत तालुक्यातल्या रस्त्याकडेच्या आमच्या गावी ते हायस्कुलात चित्रकला शिकवत आणि मी मराठी. अकरा वर्षं आमचे वर्ग शेजारी शेजारी होते, मधे एका विटेची भिंत. गेल्या जूनमध्ये माझी नगरला बदली झाली, नाहीतर ती चिठ्ठी मला कुणी लिहिलीच नसती. त्या सकाळी मी भिंतीपलीकडेच असतो. असतो तर काय केलं असतं ते मला सांगता येणार नाही, आणि खरं म्हणजे कोठुळ्यांविषयीच्या बऱ्याच गोष्टी मला सांगता येणार नाहीत. स्मृतिलेख लिहिणाऱ्यानं गेलेल्या माणसाला नीट ओळखलेलं असावं अशी वाचकांची अपेक्षा असते. मला ते जमलं की नाही याचीच मला शंका आहे, आणि ती लपवून लिहिण्यात मला काही अर्थ वाटत नाही.

चित्रकलेच्या ग्रेड परीक्षेत स्मरणचित्र नावाचा एक पेपर असतो. समोर काही न ठेवता, आठवून चित्र काढायचं. बाजार, पाणवठा, शाळेची घंटा झाल्यावरची गर्दी, असले विषय येतात. इतर शाळांतले चित्रकलेचे शिक्षक पोरांना सांगत, डोळे मिटा, बाजार आठवा, आता काढा. कोठुळे असं कधीच सांगत नसत. ते पोरांकडून पाठ करून घेत. मी भिंतीच्या अलीकडं कविता शिकवायचो आणि पलीकडून चाळीस पोरांच्या सुरात बैल ऐकू यायचा. बैलाचं तोंड एक, पाठ तीन तोंडं, पुढचा पाय दीड तोंड, चाक बैलाच्या खांद्याला! माझ्या वर्गातली पोरंसुद्धा कवितेच्या ऐवजी तेच पुटपुटायची. मी एकदोनदा चिडून भिंतीवर डस्टर आपटलं होतं. पण निकाल लागला की आमच्या शाळेची पोरं स्मरणचित्रात पुढं असत. ते कसं, हे मी त्यांना कधी विचारलं नाही. चित्रकलेत विचारण्यासारखं काही असतं असं तेव्हा मला वाटत नव्हतं.

मग एका वर्षी तपासणी आली. कोठुळ्यांच्या तासाला जे साहेब बसले त्यांनी तो बैलाचा पाढा ऐकला आणि शेरेबुकात लिहिलं, ‘अध्यापन कल्पनाशून्य आहे.’ मधल्या सुट्टीत कोठुळे ते शेरेबुक घेऊन माझ्याकडं आले. रागावलेले वगैरे अजिबात नव्हते. त्या शब्दावर बोट ठेवून म्हणाले, “सर, ह्यो शब्द मला फोडून सांगा.”

आता मराठीच्या मास्तराला असं कुणी म्हटलं की त्याची कळी खुलते. मी सुरू झालो. म्हटलं, शून्य म्हणजे मुळात फुगलेलं, म्हणून आतून पोकळ. आणि कल्पना हा शब्द ज्या संस्कृत धातूपासून आला त्याचा अर्थ जुळणं, नीट बसणं, रचणं. त्यांनी विचारलं, बघणं न्हाई? मी म्हटलं, नाही, त्यात डोळा कुठंच नाही. उलट जुन्या कोशात कल्पक म्हणजे चक्क न्हावी असाही एक अर्थ दिलेला आहे, कापून नीटनेटकं करणारा. यावर ते मनापासून हसले. मग त्यांनी प्रतिमा विचारला. मी सांगितलं की त्यातला ‘मा’ म्हणजे मोजणं, एखाद्या गोष्टीच्या मापानं केलेली दुसरी ती प्रतिमा. आणि प्रतिभा? त्यातला ‘भा’ म्हणजे चमकणं. कोठुळ्यांनी तिन्ही शब्द बोटांवर मोजले. नंतर म्हणाले, “म्हंजी चमकायचं प्रतिभेत. बाकीचे दोन शब्द तर माझ्या धंद्यातलेच हायेत. मोजायचं अन् जुळवायचं. मग सायबांनी मला कल्पनाशून्य का लिवलं?”

मी हसून म्हटलं, अहो, शब्द कुठून निघाला आणि आज कुठं पोचला यात अंतर असतं. आज कल्पना म्हणजे मनाच्या डोळ्यांपुढं चित्र उभं राहणं. तेव्हा त्यांनी मला तो प्रश्न विचारला जो माझ्या डोक्यातून अजून जात नाही. “उभं ऱ्हातं म्हंजी काय सर? तुमाला खरंच दिसतं?” मी म्हटलं, दिसतं म्हणजे काय, आत्ता माझी आई मला दिसते आहे, चुलीपुढं बसलेली. ते म्हणाले, “लुगडं कंच्या रंगाचं?” मी म्हटलं, हिरवं. ते माझ्याकडं असे बघत राहिले की मलाच ओशाळल्यासारखं झालं. म्हणाले, “मला वाटायचं ही नुसती बोलायची रीत हाय. जीव टांगणीला लागला म्हणत्यात, पन् कुनी जीव टांगून ठिवतो का? तसंच हे. मला तर न्हाई काही दिसत. डोळं मिटलं की अंधार. माझी आई कशी हुती ते मला समदं म्हाईत हाय, पन् दिसत न्हाई.” आणि मग म्हणाले, “डोळ्यानं दिसत न्हाई त्याला आंधळा म्हनत्यात. ह्याला काय म्हनायचं, सर?”

मी काय केलं असेल? मी शब्द करून दिला. मन आणि अंध, मनांध. तिथंच, चहाच्या कपावर, मोठ्यानं. शिक्षकांच्या खोलीत हशा पिकला. मला माझ्या शब्दाचं कौतुकच वाटलं, कारण तो मराठी व्याकरणानं अगदी बरोबर होता. महिनाभर खोलीत कुणाची वही हरवली, कुणाला छत्री सापडली नाही, की त्याला मनांध म्हणायची पद्धत पडली. कोठुळेसुद्धा हसायचे. मी त्यांच्यावर विश्वास ठेवला होता का? खरं सांगायचं तर नाही. मला वाटलं, ते काहीतरी वेगळं सांगताहेत आणि त्यांना शब्द सापडत नाहीत. आईचा चेहरा आठवता येत नाही, बैल आठवता येत नाही, असा माणूस चित्रकलेचा मास्तर कसा होईल?

पण तो झाला होता, आणि कसा, ते मी दुष्काळाच्या वर्षी पाहिलं. गावापासून दोन मैलांवर पाझर तलावाचं काम निघालं होतं. आमच्या पोरांचे आईबाप सगळे तिथंच, त्यामुळं रविवारी आम्ही दोघं पायी तिकडं चक्कर टाकायचो. ऊन मरणाचं. छत्री माझी आणि कोठुळे माझ्यापेक्षा उंच, त्यामुळं हात वर ताणून धरावी लागायची, नाहीतर काडी त्यांच्या डोक्याला लागायची. मी चरफडायचो, ते म्हणायचे, मी धरतो की. पण ते धरायला लागले की मी उन्हात पडायचो. हा आमचा वाद प्रत्येक रविवारी ठरलेला.

तिथं खडी फोडणारी एक म्हातारी होती, सखूबाई. तिचा मधला मुलगा ऊसतोडीला गेला आणि कारखान्याच्या तळावरच तापानं गेला. माती तिकडंच झाली. त्याचा फोटो एकही नव्हता. आमच्याकडं खेड्यापाड्यांत अशा घरांनी चित्रकलेच्या मास्तराकडं यायचं ही रीतच पडून गेली होती. गेलेल्या माणसाचा फोटो नसला तर मास्तर तो हातानं काढून देत, आणि मग काच लावून तो भिंतीवर जाई. मला ते एवढंच ठाऊक होतं. प्रत्यक्ष काढताना मी पहिल्यांदाच पाहत होतो. कोठुळ्यांनी म्हातारीच्या थोरल्या मुलाला, धाकट्याला आणि मुलीला दगडांच्या ढिगाशेजारी ओळीनं बसवलं. खिशातून तपकिरी कागदाची बोटभर रुंद पट्टी काढली, ती थोरल्याच्या चेहऱ्याला उभी लावली, आणि केस, भुवया, नाकाचा शेंडा, ओठ, हनुवटी, एकेका ठिकाणी पेन्सिलीची बारीक रेघ मारली. मग धाकट्याच्या. मग मुलीच्या. आणि मग म्हातारीला म्हणाले, “मावशे, आता डोळं मीट. तू बघ, मी काढतो. नाक कुनाचं?” म्हातारी डोळे मिटून म्हणाली, “नाक थोरल्याचं. पर शेंड्याला जरा बसकं.” “कानाची पाळी सुटी का चिकटल्याली?” “सुटी. माझ्यावानी.” असं तासभर चाललं. म्हातारीनं शेवटी डोळे उघडून कागद पाहिला, बोट लावायला गेली आणि मागं घेतलं. “व्हय,” म्हणाली, “हाच हाय.” मग ती पुन्हा खडी फोडायला बसली. परत येताना मी विचारलं, तुम्ही तर त्याला कधी पाहिलंच नव्हतंत. कोठुळे म्हणाले, “पाह्यला असता तरी काय फरक पडला असता?” मी छत्री त्यांच्या हातात दिली आणि त्या दिवशी वाद केला नाही.

त्याच उन्हाळ्यात त्यांची बायको गेली. कौसाबाई. आठ दिवसांचा ताप, दवाखाना, आणि संपलं. कोठुळे रडले नाहीत. पाव्हणे रडत होते, त्यांची पोर रडत होती, आणि हा माणूस कुणाला सावलीत जागा आहे का ते बघत फिरत होता. आमच्या घरी माझी बायको म्हणाली, “काय दगड माणूस आहे.” दोन रविवार गेल्यावर आम्ही पुन्हा त्या वाटेनं निघालो आणि निम्म्या वाटेत ते थांबले. “सर, तिचा चेहरा मला येत न्हाई.” मी म्हटलं, दुःखात असं होतं, हळूहळू येईल. “न्हाई,” ते म्हणाले, “कंदीच येत नव्हता. ती मळ्यात गेली की येत नव्हता, म्हायेरी गेली की येत नव्हता. पन् ती परत यायची, म्हनून काही वाटलं न्हाई. सपनात दिसते. लई साफ दिसते. जागा झालो की पुसून जाते.” आणि मग हसल्यासारखं करून म्हणाले, “तुमी केलेला शब्द बराबर हाय बघा.” मला त्या क्षणी जमिनीत जावंसं वाटलं. माफी मागायला हवी होती. मी मात्र स्वप्न शब्दाबद्दल काहीतरी बोललो.

पुढं ते मिरजगावजवळ कौसाबाईंच्या माहेरी गेले. दोन बहिणी आणि एक भाऊ, तिघांना अंगणात बसवलं, पट्ट्या काढल्या. चित्र पुरं झालं तेव्हा मला बोलावून दाखवलं. स्वतः त्याच्यापुढं पाटावर बसलेले. म्हणाले, “पुसट रेघा हुत्या तंवर मला काही कळत नव्हतं. वरचा ओठ काढला अन् ती एकदम म्होरं आली. हीच.” त्यांचा आवाज तेवढ्यापुरता फुटला. आणि मी, डोळ्यांचा श्रीमंत, काय बोललो? कपाळ जरा उंच वाटतं म्हटलं. माझ्या आठवणीत इतकं उंच नव्हतं. कोठुळे शांतपणे म्हणाले, “मोजलंय, सर.”

जूनमध्ये मी नगरला आलो. निघायच्या आधी मे महिन्यात एकदा त्यांनी मला वर्गात खुर्चीवर बसवलं होतं, पोरांना चेहऱ्याचं माप दाखवायचंय म्हणून. सुट्टीत पोरं दोनच आली होती. मला घाई होती, मी सारखा हलत होतो. त्यानंतर आमची भेट नाही. येईन येईन म्हणत राहिलो.

बातमी आल्यापासून तीनेक आठवड्यांनी त्यांची मुलगी मंदा माझ्याकडं आली. ती इथं नगरलाच ड्रॉइंग मास्तरांच्या कोर्सला आहे. दुपारची वेळ, हातात पाठकोरे कागद. म्हणाली, “काका, दादांचा फोटो एकच आहे, ट्रेनिंगच्या वेळचा, मिशावाला. तसे दादा मी कधी बघितलेच नाहीत. मला त्यांचा काढायचाय. पण मला वाटतं मीही त्यांच्यासारखीच आहे. मला नाही दिसत. तुम्हाला दिसतं ना? दादा नेहमी सांगायचे, सरांना त्यांच्या आईच्या लुगड्याचा रंगसुद्धा दिसतो.”

मला भरून आलं. वाटलं, इतक्या दिवसांची परतफेड करायची संधी चालून आली. मी ऐटीत डोळे मिटले आणि सुरुवात केली, पांढरी टोपी... मंदा म्हणाली, “टोपी दादांनी आई गेली तेव्हाच सोडली, काका. तुम्ही होतात की तेव्हा.” बरं, मग काळ्या काडीचा चष्मा. “तपकिरी. डाव्या काडीला दोरा बांधलेला.” मग तिनं तेच प्रश्न विचारायला सुरुवात केली जे मी दगडांच्या ढिगाशेजारी ऐकले होते. कानाची पाळी सुटी की चिकटलेली? भुवया मधे जुळतात का? वरचा ओठ केवढा? मी जितकं निरखून पाहायला जाई तितकं ते चित्र मागं सरे. कान बघायला गेलो तर तिथं पेन्सिल होती, कान नव्हता. अकरा वर्षं! कवितेतला प्रत्येक पिंपळ मी पोरांपुढं उभा केला, आणि शेजारच्या माणसाचा कान मला सांगता येईना. मी म्हटलं, “मंदा, मला माहीत नाही गं.” तिला राग आला नाही. वडिलांसारखीच नुसती बघत राहिली.

मग तिनं पिशवीतून एक जुडी काढली. तपकिरी पट्ट्या, दोऱ्यानं बांधलेल्या. वर्गाच्या कपाटात सापडल्या म्हणाली. प्रत्येकीच्या टोकाला नाव. कौसा, भावंडांवरून जुळवलेली. मंदा. कौसाबाईंच्या बहिणी, भाऊ. हेडमास्तर. शाळेचा शिपाई. आणि एकीवर देशमाने सर, म्हणजे मी. मागच्या बाजूला बारीक अक्षरात लिहिलेलं, डावी भुवई उजवीपेक्षा रेघभर वर, बोलताना खाली बघतात, चिडले की कान लाल होतात, नगरला जाणार. मी आरशाजवळ गेलो. डावी भुवई खरोखरच वर आहे. पन्नाशी आली तरी मला ते ठाऊक नव्हतं. म्हणजे माझं माप पोरांसाठी घेतलंच नव्हतं. दूर जाणारा माणूस आपल्यापाशी राहावा म्हणून त्यांनी ते घेऊन ठेवलं होतं, आणि मी खुर्चीत चुळबुळत घड्याळ बघत होतो.

जुडी ज्या कागदात गुंडाळलेली होती त्यावर आमच्या त्या मधल्या सुट्टीतले शब्द होते. कल्पना, जुळवणे. प्रतिमा, मोजणे. प्रतिभा, चमकणे. शून्य, पोकळ. आणि शेवटी, मनांध, अर्थ मी, शब्द देशमाने सरांचा. त्या ओळीत राग आहे की आभार, हे मला आजही कळत नाही. अक्षर बाकीच्यांइतकंच सरळ आहे. मंदाला विचारलं तर म्हणाली, दादा हा शब्द घरात नेहमी सांगायचे, की बघा, माझ्यासाठी सरांनी शब्द केला, आधी ह्याला नावच नव्हतं. मला हे ऐकून बरं वाटायला हवं होतं. ते वाटलं, आणि त्याच्या पाठोपाठ आणखी वाईट वाटलं, आणि आता दोन्ही एकमेकांत मिसळून गेलं आहे.

“दादांची पट्टी मात्र नाही,” मंदा म्हणाली. “ती कुणी काढलीच नाही. खर्ड्याला चुलते आहेत, त्यांचं माप घेईन. थोडं माझंही घेईन, हनुवटी माझी त्यांचीच म्हणतात. पण कुठून तरी सुरुवात हवी. काका, ते तुमच्यापेक्षा किती उंच होते, एवढं तरी?” मी पुन्हा डोळे मिटणार होतो, पण नाही मिटले. दाराच्या चौकटीपाशी जाऊन उभा राहिलो आणि उजवा हात वर केला, छत्री धरायचो तसा. दांड्यावर मूठ वळली आणि मूठ आपोआपच आणखी चार बोटं वर गेली, काडी लागू नये म्हणून. खांदा नेहमीच्या जागी दुखायला लागला. मी म्हटलं, “इथं छत्रीचा दांडा. त्याच्या वर हातभर उंचीवर काडी. आणि काडीच्या खाली बोटभर अंतरावर त्यांचं डोकं.” मंदानं खुर्चीवर चढून अंतर मोजलं आणि चौकटीवर पेन्सिलीनं बारीक रेघ मारली.

चित्र अजून पुरं व्हायचं आहे. मंदा गेल्या रविवारी खर्ड्याला जाऊन आली आणि येताना इथं थांबली. चुलत्यांनी सांगितलेली उंची तिनं आल्या आल्या चौकटीला लावून पाहिली. चेहरा मला अजून दिसत नाही. पण रेघ बरोबर आहे म्हणाली.